बरडातली फुलं आणि सूर्यभानचं बी

भिंत कुडाची होती, म्हणून सगळं ऐकू आलं. तुराट्या उभ्या करून वरून शेणमातीचा हात फिरवलेल्या भिंतीआड माणूस कुशीवर वळलं तरी पलीकडच्याला कळतं. भांडणाचं तर विचारूच नका.

पुंजारामचं तेरावं आटोपलं होतं. त्याची बायको कौशल्या आतल्या खोलीत उरलेली डाळ मडक्यात भरत होती. बाहेर ओसरीवर तिची सासू गोदाबाई आणि भासरा सूर्यभान यांची जुंपली होती. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ.

"विहिरीजवळची दोन एकर तिले दे," गोदाबाई म्हणत होती. "पुंजारामचा वाटा हाये तो."

"विहिरीजवळ माझा कांदा हाये."

"तुझा? बी माह्या सासूनं आनलं होतं माहेरून. तो कवापासून तुझा झाला?"

"बरड दे तिले. नाल्याकाठची."

"बरडात काय पिकते रे? गोटे?"

"मंग तिले काय फरक पडते? त्या हाताले फूलच धरत नाही, माय. सात वर्षं पाह्यलं ना आपून, लेकरू तरी झालं काय? काळ्या वावरात लावलं तरी गोटेच निघतीन."

गोदाबाई आधी रडली, मग ओरडली, मग तिनं तांब्या आपटला. तांब्याला पोचा पडला, सूर्यभानला नाही.

कौशल्या तेव्हा चोवीस वर्षांची होती. नवरा गेल्याचं रडू तेरा दिवस येऊन गेलं होतं. हे ऐकल्यावर जे आलं ते रडू नव्हतं. तिनं मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं, दोरी करकचून ओढली आणि मनात ठरवून टाकलं: हा माणूस एक दिवस माझ्या धुऱ्यावर, माझ्या शेताच्या बांधावर, उभा राहायला पाहिजे. मान खाली घालून. आणि याच हाताकडे त्यानं काहीतरी मागायला पाहिजे. काय मागायला पाहिजे ते तिला तेव्हा सुचलं नाही. सुचायची घाईही नव्हती.

ही गोष्ट बावन्न सालची, हिवरखेडच्या बाजूची, सातपुड्याचा डोंगर जिथून घरातल्या माणसासारखा रोज दिसतो तिथली. आठ दिवसांनी चार मोठी माणसं बसली, विड्या ओढल्या, आणि बरड कौशल्येची झाली. दोन एकर मुरूम. नांगर घातला तर फाळ कुरकुरायचा. धुऱ्यापलीकडे सूर्यभानची विहीर, आंब्याचं मोठं झाड आणि त्याच्या नावानं अकोटच्या बाजारात विकला जाणारा बियाण्याचा कांदा. विहिरीवर पाय ठेवायचा नाही, हेही त्यानं सांगून टाकलं होतं. स्वतः नाही, आईच्या तोंडून.

कारण वऱ्हाडात तेव्हा धाकट्याची बायको भासऱ्याशी तोंडानं बोलत नसे. पदर ओढून उभी राही. बोलायचंच झालं तर मध्ये कुणाला तरी धरायचं. सासू, लेकरू, नाहीतर गोठ्यातली गाय. 'गाईमाय, सांग वं, जेवन वाढलं हाये म्हना.' मग भासरा गाईला 'हो, आलोच' म्हणे. परक्या माणसानं पाहिलं तर त्याला वाटावं, या घरात सगळं गाईच्याच सल्ल्यानं चालतं. कौशल्येला ही रीत पुढं फार कामी आली. माणसाच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते गाईला बोलता येतं.

पहिल्या पावसाळ्यात तिनं पंचफुलेच्या आवारातून शेवग्याच्या फांद्या आणल्या आणि कुदळीनं मुरूम फोडून रोवल्या. पंचफुला तिची शेजारीण. जीभ लांब, पण हात त्याहून लांब; बोलता बोलता तिनंच अर्धे खड्डे खोदले.

"ज्वारी पेरतात बाया वावरात," ती म्हणाली. "तू लाकडं पेरून राहिली. खाशीन काय?"

"शेंगा."

"अन् शेंगा लागेपर्यंत?"

"कापूस वेचीन. लोकायच्या वावरात फूल नाही, बोंडच असते. तथी माह्या हाताचं भेव नाही कोनाले."

डोंगराच्या पायथ्याशी ती सरपणाला जाई तेव्हा मोळीबरोबर रोपं घेऊन येई. करवंदाची जाळी, लाल नळ्यांच्या फुलांची धायटी, कुड्याची रोपं, करंजाच्या बिया ओच्यात. मध्ये मध्ये तुळस आणि रानतुळस टाकून दिली. हे सगळं असं की ज्याला शेळी तोंड लावत नाही आणि मुरूम ज्याला परका नाही. पाणी? नाल्याच्या वाळूत तिनं हातभर झिरा उकरला आणि वाटीवाटीनं घागर भरली. धुऱ्यापलीकडे सूर्यभानची मोट चाले, पाटातून पाणी खळखळत जाई. ती तिकडं पाहत नसे. पण कान कुणाला बंद करता येतात?

तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी शेवगा फुलला. पांढरा, झुबक्यांनी, पान दिसेना असा. त्या दिवशी कौशल्या झाडाखाली गेली आणि आपले दोन्ही हात समोर धरून बघत बसली. खरबरीत, नखांत मुरूम गेलेले. "धरलं ना रे फूल?" ती झाडाला म्हणाली. त्या दिवशी तिचं समाधान व्हायला पाहिजे होतं. चांगल्या बाईचं झालं असतं.

पुढच्या वर्षी धायटीही फुलली, करवंदाला पांढऱ्या चांदण्या लागल्या, आणि सगळ्या बरडात एक घूं घूं सुरू झाली. आंब्यावर आग्या माशांचं मोहोळ होतं, नाल्याच्या कपारीत लहान माशांचं. सगळ्या सकाळी उठून तिच्याकडं. फुलपाखरं वेगळी. आणि धुऱ्यापलीकडं सूर्यभानचे कांद्याचे गोंडे उभे होते, हजारोंनी, एकेका दांड्यावर पांढऱ्या लोकरीचा गोळा बसवल्यासारखे. त्यांच्यावर एखाददुसरी माशी येई, दोन गोंडे हुंगे आणि धुरा ओलांडून निघून येई.

कौशल्या भाकरी हातात घेऊन थांबली.

तिचं माहेर दर्यापूरकडचं. बाप उन्हाळ्यात पूर्णा नदीच्या वाळूत डांगरवाडी लावायचा. टरबूज, खरबूज, काकड्या. एका वर्षी नदीकाठच्या निंबावरचं मोहोळ कुणी तरी जाळलं, आणि वेलांना फुलंच फुलं आली, फळ काही धरेना. बाप वाळूत बसून म्हणाला होता, "माशी येत नाही तं डांगर लागत नाही, बाई. तिच्या पायानं फूल फळते." कौशल्या तेव्हा नऊ वर्षांची होती. बापाचं बोलणं तिनं तेवढंच लक्षात ठेवलं होतं, बाकी विसरली होती.

आता तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि धुऱ्याकडं पाहून हसली. कांद्याच्या फुलात मध असतो, पण तोही कांद्याच्याच घरचा. शेवगा समोर असताना तिकडं कोण जाणार?

तिथून पुढं ती डोकं लावून झाडं निवडू लागली. पावसाळ्यात फुलणारं नको, दिवाळीत फुलणारं नको. शिमग्यापासून पाडव्यापर्यंत जे फुलतं तेच. नेमके तेवढेच दिवस कांदा फुलतो. जिथं एक फट दिसली तिथं धायटी. धुऱ्याला लागून शेवग्याची ओळ. कुणाची वेणी घालावी इतकं मन लावून तिनं ती ओळ घातली. गावाला वाटे, बिचारीला लेकरू नाही, झाडांत जीव रमवते. कौतुक करत लोक. कौशल्या मान खाली घालून ऐके.

सत्तावन्न साली अकोटच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं सूर्यभानचं बी तळहातावर घेतलं आणि फुंकर मारली. अर्धं बी उडून गेलं. भरलेलं बी उडत नाही, पोचट उडतं. त्यानं हात झाडले आणि पुढच्या माणसाकडं गेला. सूर्यभानला कुणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

तो धुऱ्यावर येऊन उभा राहू लागला. आपल्या गोंड्यांवर माशी बसलेली पाही, ती उडून शेवग्यावर गेलेली पाही. चार दिवस पाहून त्याला सगळं समजलं. म्हणजे त्याला तसं वाटलं.

"माय," तो घरी येऊन गोदाबाईला म्हणाला, "ह्या माशा माह्या गोंड्यातला रस पितात अन् तिच्या झाडाले नेऊन देतात. म्हनून तिची झाडं अशी फुलून राहिली, अन् माह्यं बी पोचट."

"मंग?"

"मंग काय? माशीच ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी आंब्याखाली गोवऱ्या आणि ओला पालापाचोळा पेटला. धुराचा लोट वर गेला, मोहोळ काळं पडलं, माशा उठल्या आणि डोंगराकडं गेल्या. नाल्यातली कपारही त्यानं चिखलानं बुजवली. कौशल्या आपल्या शेवग्याखाली उभी राहून सगळं पाहत होती. एक शब्द बोलली असती तर तो थांबला असता. निदान बोलायला पाहिजे होतं. तिनं पदर तोंडावर घेतला. धुरासाठी.

"कावून हसून राहिली वं?" पंचफुलेनं विचारलं.

"ठसका लागला."

"असा ठसका मले कवा नाही लागला."

एकोणसाठ साली सूर्यभानच्या दोन एकरांत गोंडे उंच झाले, वाळले, आणि झाडून पाहिले तर हाती भुसा आला. कांद्याच्या बियाला वर्षापलीकडं दम नसतो. गोदाबाईच्या मडक्यात राखेत ठेवलेलं दोन मुठी जुनं बी होतं, त्यातलं किती उगवेल याचा भरवसा नव्हता. तिच्या सासूनं माहेरून आणलेला कांदा, तीन पिढ्यांच्या चुलीवर भाजलेला, अजून एका वर्षात संपणार होता.

त्या दोन मुठींतून जे उगवलं त्याचे कांदे झाले, ते कांदे पुन्हा लावले, आणि एकसष्टच्या शिमग्याला कसेबसे चार वाफे गोंड्यावर आले. हे गेले तर सगळं गेलं. तेव्हा एका सकाळी गोदाबाई काठी टेकत बरडाच्या धुऱ्यावर आली. आणि तिच्या मागं, चार हात अंतर ठेवून, सूर्यभान.

कौशल्येनं पदर ओढला. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस धुऱ्यावर उभा होता, आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, मान अजून पुरती खाली नाही.

"कौशल्ये," गोदाबाई म्हणाली, "तुह्या बापाची डांगरवाडी होती ना? तुले फुलाचं समजते म्हन्तात. हा विचारून राह्यला, बी कावून धरत नाही म्हनून."

"विचारून राहिले का सांगून राहिले, ते विचारा त्याहिले, आत्याबाई."

म्हातारी मागं वळली. "विचारून राह्यला का सांगून?"

सूर्यभान खाकरला. "विचारून, म्हना."

"आयकू नाही आलं म्हना," कौशल्या म्हणाली. भासरा चार हातांवर उभा होता आणि कान तिचे चांगले होते.

"विचारून राहिलो!" सूर्यभान मोठ्यानं म्हणाला. शेवग्यावरचे दोन पक्षी उडाले. मान खाली गेली.

आता खरं सांगायचं तर एवढंच होतं: माशांना येऊ दे, धूर करू नको, तुझ्या धुऱ्यावर पाणी ठेव, आणि माझ्या बरडात दोन झाडं कमी असती तर बरं. कौशल्येच्या जिभेवर ते आलंही. म्हातारीचा चेहरा पाहून आलं. पण शेजारी सूर्यभानचा चेहरा होता.

"गोंड्यावरून हात फिरवा लागते म्हना," ती हळू बोलली. "एक एक गोंडा. मऊ फडक्यानं. दव वाळलं का सुरू करायचं, ऊन तापेपर्यंत. ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. पंधरा दिवस."

हे खोटं नव्हतं. माशीचं काम माणसाच्या हातानंही होतं, तिनं स्वतःच्या भोपळ्याच्या वेलावर करून पाहिलं होतं. खोटं पुढं होतं.

"बायका लावतो," सूर्यभान आईला म्हणाला.

"बायकाच्या हातानं नाही होत, आत्याबाई. बी ज्याच्या नावानं विकते त्याचाच हात पायजे."

गोदाबाईनं क्षणभर सुनेकडं पाहिलं. म्हातारीनं कांदा जन्मभर पिकवला होता. तिला कुणी काय शिकवणार? डोळे बारीक झाले, मग तोंड सरळ झालं. ती मागं वळून म्हणाली, "आयकलं? तुह्याच हातानं. अन् उपाशी पोटी. अन् पायात जोडा नाही."

उपाशीचं आणि जोड्याचं कौशल्या बोलली नव्हती. तिनं पदराआडून सासूकडं पाहिलं. सासू धायटीचं फूल पाहण्यात गुंतली होती.

"फडकं कोनतं पायजे?" सूर्यभाननं विचारलं. "धोतराचं चालन का, विचार."

"धोतर खरखर करते."

"केशरचं जुनं लुगडं हाये घरी." केशर म्हणजे त्याची बायको.

"त्याले चुलीच्या धुराचा वास. फूल मिटते." कौशल्येला हे बोलता बोलताच सुचलं, आणि सुचल्याचं तिला स्वतःलाच बरं वाटलं. "फुलात वर्षभर वावरलेलं लुगडं पायजे. ह्या बरडातलं. पन माह्याजवळ अंगावरचं एकच हाये, सांगा त्याहिले. ते देल्लं तं मी काय नेसू?"

घरातल्या विधवेला वर्षाचं एक लुगडं थोरल्या भासऱ्यानं द्यायचं असतं. नऊ वर्षांत नऊ व्हायला पाहिजे होती. गोदाबाईनं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. सूर्यभाननं ती रेघ पाहिली.

चार दिवसांनी लुगडं आलं. जाडंभरडं, बाजारातलं सगळ्यांत स्वस्त. कौशल्येनं ते हातात घेतलं, चिमटीत चोळलं आणि गोदाबाईजवळ परत दिलं.

"हे वर्षभर नेसलं तरी मऊ होत नाही, आत्याबाई. पुढच्या साली मंग गोंडे सोलून निघतीन. मले काय, मी नेसीन. बी त्याहिचं हाये."

त्या बाजाराला सूर्यभान अकोटला पुन्हा गेला. या वेळी सूत बारीक होतं, काठ रुंद होता. कौशल्येनं ते नेसलं, अंगावरचं जुनं धुऊन करवंदाच्या जाळीवर वाळवलं, फाडलं आणि तुकडे धुऱ्यावरच्या चपट्या दगडावर ठेवले.

मग जे सुरू झालं ते पाहायला गावाला दुसरा तमाशा नको होता. सकाळी दव वाळलं की सूर्यभान पाटील अनवाणी, उपाशी, हातात भावजयीच्या लुगड्याचा तुकडा, एकेका गोंड्याला कुरवाळत वाफ्यातून वाकून चाललेला. गहू सोंगायला जाणाऱ्या बायका वाट सोडून धुऱ्यानं जाऊ लागल्या.

"भाऊ, लेकराचं डोकं पुसून राहिले काय?" पंचफुला ओरडे.

"कानामागचं राह्यलं वं त्याचं!" दुसरी म्हणे.

सूर्यभान वर पाहत नसे. कौशल्या शेवग्याखाली भाकरीचं फडकं सोडून बसे. पोट भरून, सावकाश, चटणी लावून खाई. भुकेल्या माणसाच्या समोर खाताना भाकरीला जी चव येते ती तिला त्या आधी माहीत नव्हती.

आणि बी धरलं. चार वाफ्यांचं भरलं, काळं, फुंकरीला न हलणारं. गोदाबाईनं ते मडक्यात राखेबरोबर भरलं आणि त्याच पावसाळ्यात, बी जागेवर पडल्यावर, शांतपणे गेली. सुनेनं तिचे पाय चेपले होते. दोघींमध्ये त्या उपाशीचा आणि जोड्याचा विषय कधी निघाला नाही.

पुढच्या वर्षी आठ वाफे, मग एकर. कुरवाळायचे गोंडे वाढत गेले, सूर्यभानची पाठ वाकत गेली. पंधरा दिवसांचे वीस झाले. दर शिमग्याला नवं लुगडं दगडावर येई, दर शिमग्याला जुन्याचे तुकडे त्याच दगडावर जात.

चौसष्ट साली माशा परत आल्या. आंब्याच्या त्याच फांदीवर मोहोळ लागलं, आणि या वेळी इतक्या होत्या की बरड भरून कांद्यातही उतरल्या. आता सूर्यभानला वाफ्यात जायचं कारणच नव्हतं. तो गेला. एका हातानं गोंडा कुरवाळी आणि दुसऱ्या हातानं, त्याच फडक्यानं, माशा हाकली. रस पितील म्हणून. हुश्श, हुश्श करत.

पंचफुलेला त्या दिवशी हसू आलं नाही. "कौशल्ये, बुढा झाला तो," ती म्हणाली. "सांगून टाक आता."

"काय?"

"मले काय विचारते? मले काही समजत नाही असं वाटते काय तुले?"

कौशल्येनं भाकरीचा तुकडा मोडला. खरंच विचार करत होती. बारा वर्षांत तिच्या करंजाची झाडं घराएवढी झाली होती, शेंगा आणि करवंदं बाजारात जात होती, अंगावर बारीक सुताचं लुगडं होतं. राग शोधायला गेलं तर आता थोडं खोल जावं लागे. ती गेली. होता तिथंच होता.

"सांगजो तू," ती म्हणाली. "मेल्यावर."

"तुह्या?"

"माह्या कावून? त्याच्या."

सहासष्टच्या थंडीत कौशल्येच्या पायांना सूज आली. घागर अर्धीच भरू लागली, मग तांब्या. अडतिसाव्या वर्षी तिला चालताना धाप लागे. दवाखान्यात जा म्हणून पंचफुला मागं लागली. कौशल्या म्हणाली, फुलोरा उतरला की जाऊ. पाडव्याच्या आधीच ती गेली, झोपेत. पण जाण्याच्या नऊ दिवस आधी, शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी, लुगड्याचं काम होतं आणि ते तिनं केलं.

पंचफुला म्हणत होती, मी नेऊन ठेवते. कौशल्येनं ऐकलं नाही. पंचफुलेचं लुगडं नेसून तिनं आपलं जुनं आदल्या दिवशीच धुऊन जाळीवर घातलं होतं. काट्यातून अलगद सोडवलं, कडेला दातानं चीर दिली आणि हातभर हातभर असे तुकडे फाडले. दोनदा खाली बसून श्वास घेतला. तुकड्यांच्या घड्या केल्या. धुऱ्यापर्यंतचं अंतर शेवग्याच्या एकेका खोडाला धरत कापलं.

नवं लुगडं दगडावर येऊन पडलेलं होतं. पलीकडं सूर्यभान अनवाणी उभा राहून पाटाकडं पाहत होता. तिनं पदर ओढला, लुगड्याचा काठ चिमटीत चोळून सूत पाहिलं, ते काखेत घेतलं. घड्या दगडावर ठेवल्या आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ढेकूळ ठेवलं. मग शेवग्याकडं तोंड केलं.

"सांग त्याहिले," ती झाडाला म्हणाली, "औंदाचा कपडा लय मऊ हाये. दव वाळलं का सुरू करा म्हना. मागच्या साली धुऱ्याकडच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या सोडू नका म्हना."

"नाही सोडत," सूर्यभान पाटातल्या पाण्याला म्हणाला.

"अन् च्या घेतला असन तं आज राहू द्या. उद्यापासून."

"नाही घेतला."

"मंग आजच," कौशल्या म्हणाली, आणि तांब्या उचलून झिऱ्याकडं निघाली.